पाच तासांचे लग्न, एक डीव्हीडी आणि साधा भागाकार

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की फोटो स्टुडिओंच्या काचांवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक जाहिरात हमखास झळकते : ‘जुन्या कॅसेट, कॅमेऱ्याचे आणि मोबाईलचे शूटिंग, सगळे एकाच डीव्हीडीत, क्वालिटी जराही कमी न होता.’ घरात पाच-सहा तासांचे शूटिंग पडून असलेल्या माणसाला याचा मोह पडणारच. जाहिरात अगदीच खोटी नाही. मात्र ती कोणत्या अटींवर खरी ठरते, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

फाईल झिप किंवा रार करून व्हिडिओ लहान होत नाही, हे आधी सांगून टाकतो. गिगाबाइटमागे चार-दोन मेगाबाइट वाचले तरी खूप, कारण कॅमेऱ्यातून बाहेर पडलेली फाईल मुळात कॉम्प्रेस झालेलीच असते. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीचे ७२० बाय ५७६ पिक्सेलचे चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, कसलेही कॉम्प्रेशन न करता साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. एफएफव्ही१ सारख्या खऱ्याखुऱ्या ‘लॉसलेस’ पद्धतीने एकही पिक्सेल न बदलता हा आकार निम्म्याच्या आसपास येतो, त्यापलीकडे फारसा नाही. मिनीडीव्ही, म्हणजे डिजिटल हँडीकॅमची छोटी कॅसेट, तासाला १३ जीबीवर थांबते. आणि डीव्हीडीवर आपण तोच तास दोन-अडीच जीबीत बसवायला निघतो. म्हणजे काहीतरी टाकावे लागणारच. टाकायचे ते डोळ्याला न जाणवणारे, किंवा मूळ चित्रात नव्हतेच असे असले पाहिजे, एवढीच खबरदारी आपल्या हातात असते.

आता जागेचा हिशोब. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असते आणि संगणक तीच डिस्क ४.३८ ची दाखवतो. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. डीव्हीडी प्लस आर डिस्कवर नेमके ४,७०,०३,७२,९९२ बाइट मावतात. त्यातले शेवटचे तीन-चार टक्के सोडून द्यावेत आणि विंडोजच्या मापाने ४.२ जीबीवर थांबावे. डिस्क आतून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते. बाहेरची कड सर्वांत आधी बिघडते, बोटांचे ठसेही तिथेच पडतात. ‘सगळे नीट दिसते, पण वरातीला अडकते’ ही तक्रार ऐकू येते ती बहुधा काठोकाठ भरलेल्या डिस्कबद्दल, कारण वरात असते शेवटी.

ही ४.२ जीबी जागा किलोबिटमध्ये मांडली आणि मिनिटांच्या हिशोबात आणली की लक्षात ठेवायला सोपा आकडा मिळतो : ६ लाख. ६ लाखांना एकूण मिनिटांनी भागायचे. येणारे उत्तर म्हणजे दर सेकंदाला वाट्याला येणारे किलोबिट, अर्थात बिटरेट. त्यातून डीव्हीडीच्या बांधणीसाठी तीन टक्के आणि आवाजासाठी १९२ वजा केले की उरते ते चित्राचे. दोन तासांना ६ लाख भागिले १२० म्हणजे ५,०००. वजावट करून चित्राला सुमारे ४,६५०. तीन तासांना ३,३३३, म्हणजे चित्राला ३,००० च्या जरा वर. पाच तासांना मात्र २,०००, आणि हातात पडतात जेमतेम १,७५०. एक तासाच्या कार्यक्रमाला उत्तर १०,००० येते. ते वापरू नये, कारण डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे आणि घरी लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरवर ८,००० च्या पुढे गेली की अडखळू लागते. तेव्हा तिथे ८,००० लावून उरलेली जागा रिकामी सोडावी. रिकामी जागा म्हणजे नुकसान नव्हे.

आवाजाची बाजू बहुतेक जण विसरतात. काही सॉफ्टवेअर आपण होऊन आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवतात. पीसीएम सेकंदाला १,५३६ किलोबिट खाते, म्हणजे तीन तासांत २ जीबीहून अधिक. डिस्कची जवळजवळ निम्मी जागा सनई आणि माईकच्या घरघरीत गेली! तेच एसी-३ या दाबलेल्या पद्धतीत १९२ वर घेतले तर तीन तासांना २६० एमबीच्या आत काम होते, आणि कार्यालयातल्या लाउडस्पीकरवरून आलेल्या आवाजात कुणाच्याही कानाला फरक कळत नाही. संगीत नाटक किंवा गाण्याची बैठक असेल तर २५६ घ्यावे. मात्र आवाज ४८ किलोहर्ट्झचाच हवा. ऑडिओ सीडीवरून उचललेले गाणे ४४.१ चे असते. ते आधी नीट बदलून न घेता जोडले, तर सॉफ्टवेअर ते नाकारते किंवा ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

कमी बिटरेटने चित्र नेमके बिघडते कुठे? मंगलाष्टके चालू असतात तेव्हा पाऊण चौकट स्थिर असते. अंतरपाट, मागची फुलांची भिंत, गुरुजींचा माईक यांतले काहीच हलत नाही. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारे सॉफ्टवेअर, एक फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या फ्रेमसाठी ‘मागचाच तुकडा, दोन पिक्सेल डावीकडे’ अशा नोंदी करत जातो. पाल डीव्हीडीत फार तर १५ फ्रेमनंतर, म्हणजे ०.६ सेकंदाने, पुन्हा पूर्ण फ्रेम द्यावी लागते. तरीही या भागाला दीड-दोन हजार किलोबिट पुष्कळ होतात. मग ‘शुभ मंगल सावधान’ होते, अंतरपाट खाली येतो, शे-दोनशे हातांतून अक्षता उडतात आणि त्याच क्षणी चार फ्लॅश चमकतात. तांदळाचा प्रत्येक दाणा पुढच्या फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. फ्लॅशच्या फ्रेममध्ये तर सगळ्या चौकटीचा उजेडच पालटतो. मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखे काही उरत नाही. या तीन-चार सेकंदांना सात-आठ हजार किलोबिट लागतात. तिथे एन्कोडरला तीन हजारांवर अडवले, तर तो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांतला बारीक तपशील टाकून देतो. शालूची जर सपाट पिवळी होते, अक्षतांचे पुसट डाग होतात आणि चेहऱ्यांवर फरश्या बसवल्यासारखे चौकोन दिसू लागतात. जे पुन्हा पुन्हा पाहिले जाते, तेच सर्वांत वाईट निघते. गुलालाची उधळण, शोभेची दारू, धबधबा, डीजेचे लुकलुकते दिवे यांचीही हीच गत.

यावर उपाय आहे आणि त्याला वेळेखेरीज काही पडत नाही. बिटरेट ठरावीक ठेवणारी ‘सीबीआर’ पद्धत बंद करून ‘व्हीबीआर, टू-पास’, म्हणजे गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट दोन फेऱ्यांत, निवडावे. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सबंध कार्यक्रम तपासून कुठे किती लागेल याची नोंद ठेवते. दुसऱ्या फेरीत पंगतीचे, पाहुण्यांच्या गप्पांचे, रिकाम्या स्टेजचे बिट वाचवून ते अक्षतांना देते. सरासरी ३,००० हवी असेल तर किमान १,५००, कमाल ८,००० असे आकडे भरावेत. एकूण आकार तोच राहतो आणि चित्रातला फरक टीव्हीसमोर बसणाऱ्या आजींनाही कळतो. या दुसऱ्या फेरीत जाणारा वेळ वाचवायचा म्हणून पुष्कळ दुकानांत टू-पासला फाटा दिला जातो. गिऱ्हाइकाने विचारावा असा पहिला प्रश्न हाच.

जुन्या व्हीएचएस कॅसेटच्या बाबतीत ‘क्वालिटी न घालवता’ हे शब्द जवळजवळ अक्षरशः खरे करता येतात, आणि नेमके तिथेच कुणी करत नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेला सुमारे २४० रेषांइतकाच तपशील असतो. चौकटीच्या पूर्ण रुंदीत तो ३२० पिक्सेलच्या घरात जातो. डीव्हीडीच्या नियमांत ७२० बाय ५७६ शिवाय ३५२ बाय ५७६ हा आकारही मान्य आहे आणि घरातला कुठलाही डीव्हीडी प्लेअर तो पडदाभर दाखवतो. कॅसेटमध्ये जेवढे आहे तेवढे त्यात बसते, आणि पिक्सेल निम्म्याहून कमी झाल्याने तोच बिटरेट दुप्पट पुरतो. तीन तासांची पूर्ण कॅसेट ३,००० किलोबिटला या आकारात घेतली, तर मूळ कॅसेट आणि डीव्हीडी शेजारी शेजारी लावूनही फरक शोधावा लागेल. ७२० च्या आकारात त्याच ३,००० ला चौकोन दिसतात. मात्र उभे ५७६ कमी करून २८८ करू नयेत. तसे केले की सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींची (एकाआड एक ओळींच्या, म्हणजे ‘फील्ड’ची) जी सलग हालचाल कॅसेटमध्ये असते, ती निम्मी होते आणि नाचणारी माणसे झटके खाऊ लागतात.

कॅसेटचे चित्र संगणकात घेताना तळाशी आठ-दहा ओळींची थरथरती पट्टी दिसते. व्हीसीआरची हेड बदलण्याची ती जागा असते. जुन्या टीव्हीत ती काठाआड लपत असे. एन्कोडरला मात्र ती दर फ्रेमला नवी हालचाल वाटते आणि तो तिच्यावर बिट उधळतो. तळाच्या १६ ओळी काळ्या रंगाने झाकाव्यात. कापून चित्र ताणू नये, त्याने अर्ध्या चौकटींची वीण बिघडते. १६ हा आकडा अशासाठी की एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीची दाबण्याची पद्धत, चित्राचे तुकडे १६ बाय १६ चे पाडतो. पट्टी त्या रेषेवर संपली की खालचे तुकडे फुकटात जातात. चित्रातल्या मुंग्यांचेही असेच. अंधारात घेतलेल्या शूटिंगमध्ये त्या भरपूर असतात. हलकासा ‘टेम्पोरल’ (लागोपाठच्या फ्रेम ताडून पाहणारा) नॉइज फिल्टर लावला तर बरीच जागा सुटते. जास्त लावला तर चेहरे मेणाचे होतात आणि चालणाऱ्या माणसामागे सावली रेंगाळते. फिल्टर कमीत कमी जोरावर ठेवून केसांची बट आणि साडीचा काठ यांवर नजर ठेवावी. तिथे तपशील पुसला जातोय असे दिसले की मागे यावे.

दोन किरकोळ वाटणाऱ्या चुका सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. एक फील्ड ऑर्डर, म्हणजे दोन अर्ध्या चौकटींतली कोणती आधी दाखवायची तो क्रम. मिनीडीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, कॅसेट संगणकात घेणाऱ्या बहुतेक कॅप्चर कार्डांत वरचे. सॉफ्टवेअरला उलटे सांगितले तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे अशी थरथरते. हा दोष संगणकाच्या पडद्यावर लपतो आणि टीव्हीवर उघडा पडतो. दुसरी चूक पडद्याच्या प्रमाणाची. ४:३ चे जुने चित्र १६:९ मध्ये ताणले की वऱ्हाड एकजात जाडे होते. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडलेली बरी.

मिनीडीव्ही कॅसेट असेल तर ती फायरवायर या डिजिटल केबलनेच संगणकात घ्यावी. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने घेतली की डिजिटल चित्र ॲनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होते, आणि तो तोटा पुढे कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. फायरवायरने मिळते ती कॅसेटवरची हुबेहूब प्रत. तासाला १३ जीबीची ही फाईल २५ जीबीच्या ब्ल्यू-रे डिस्कवर दोन तासांना थोडी कमी पडेल इतकी मावते, न दाबता. जपून ठेवायची प्रत हीच, डीव्हीडी फक्त पाहायला.

मोबाईलच्या शूटिंगची दुखणी निराळी. आयफोन ३० फ्रेमने ४के घेतो तेव्हा मिनिटाला सुमारे १७० एमबी जातात, म्हणजे अर्धा तासही एका डीव्हीडीत मूळ रूपात बसत नाही. पण आकारापेक्षा मोठी अडचण फ्रेमच्या वेगाची आहे. मोबाईल उजेड पाहून फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो. अशी फाईल थेट एडिटिंगला घेतली की वीस मिनिटांनंतर आवाज पुढे आणि ओठ मागे. आधी तिचा वेग ‘कॉन्स्टंट’ करून घ्यावा. पुढचा प्रश्न असा की मोबाईलचे चित्र ३० फ्रेमचे आणि आपली पाल डीव्हीडी २५ ची. सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या की कॅमेरा फिरताना चित्र ठेचकाळते. अशा वेळी सरळ एनटीएससी (अमेरिका-जपानकडच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी करावी, ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही ती निमूटपणे दाखवतात. ‘भारतात पालच’ हा नियम कॅमेऱ्यांच्या जमान्यातला आहे, मोबाईलच्या फाईलला तो लावण्यात अर्थ नाही. शिवाय अलीकडचे फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला पकडत, शूट करतात. तो पल्ला साध्या पडद्याला जुळवणारे ‘टोन मॅपिंग’ न करता ते चित्र साध्या व्हिडिओत उतरवले की हळदीचा पिवळा राखाडी दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये एचडीआर आधीच बंद केलेले सर्वांत उत्तम.

आणि कृपा करून नातेवाइकांच्या क्लिप व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओ’ म्हणून मागवू नयेत. तिथे त्या एकदा दाबल्या जातात, डीव्हीडी करताना पुन्हा. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी येते.

डिस्क प्लेअरला लावायची नसून संगणकात किंवा स्मार्ट टीव्हीवरच पाहायची असेल, तर मात्र एमपेग-२ चा आग्रह सोडावा. डीव्हीडीचे तंत्र नव्वदीच्या दशकातले, त्यानंतरची एच.२६४ ही दाबण्याची पद्धत त्याच जागेत कितीतरी जास्त तपशील बसवते. दोन तासांचा फुल एचडी कार्यक्रम एच.२६४ मध्ये ४,५०० ते ५,००० किलोबिटला चांगला दिसतो आणि तोही साध्या ४.७ च्या डिस्कवर मावतो, डेटा डिस्क म्हणून. जुना डीव्हीडी प्लेअर तो वाचणार नाही, एवढे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

यासाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात आधी बिटरेट न ठरवता ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडून आरएफ (दर्जाचा आकडा) १८ ते २० आणि प्रीसेट ‘स्लो’ ठेवावे. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी; सहाने वाढवला तर फाईल साधारण निम्मी होते. १८ च्या आसपास नेहमीच्या अंतरावरून बहुतेकांना मूळ आणि प्रत यांत फरक दिसत नाही. या मार्गाने तयार झालेली फाईल ४.२ जीबीच्या आत आली, तर विषय संपला. उगाच बिटरेट वाढवून डिस्क भरू नये. बाहेर गेली तरच ‘ॲव्हरेज बिटरेट’वर यावे, भागाकाराचा आकडा टाकावा आणि ‘मल्टी-पास’वर खूण करावी. ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर होणारे एन्कोडिंग पाचपट वेगाने होत असेल, पण कमी बिटरेटला ते एक्स२६४ च्या (हँडब्रेकमधल्या एच.२६४ एन्कोडरच्या) संथ प्रीसेटपुढे टिकत नाही. रात्री लावून झोपावे, सकाळी फाईल तयार. जुनी कॅसेट किंवा हँडीकॅमचे शूटिंग असेल तर अर्ध्या चौकटींच्या पूर्ण फ्रेम करणाऱ्या ‘डीइंटरलेस’मध्ये ‘बॉब’ घेऊन ५० फ्रेम कराव्यात, नाहीतर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. आणखी एक : ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल असेल तर डिस्क लिहिताना फाईल मांडणीची यूडीएफ पद्धत निवडावी, आणि एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ती जाणारच नाही.

बिटरेट ठरला तरी सबंध कार्यक्रम लगेच एन्कोड करायला टाकू नये. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ सेकंदांत देता येते. अक्षतांचे किंवा वरातीचे एक मिनिट काढून तेवढेच करावे आणि मोबाईलवर नव्हे, घरातल्या मोठ्या टीव्हीवर पाहावे. चौकोन दिसले तर बिटरेट तसाच ठेवून चित्राचा आकार एक पायरी खाली आणावा, १०८० ओळींच्या ७२० ओळी. मऊ चित्र डोळा चालवून घेतो, फुटलेले नाही. तेही पटत नसेल तर दोन डिस्क. पाच तासांच्या लग्नाला हेच योग्य उत्तर आहे : अडीच तासांची एक अशा दोन डिस्क केल्या की चित्राला १,७५० ऐवजी ३,७०० मिळतात. मेहंदी, हळद आणि सीमंतपूजन पहिलीवर, लग्न आणि वरात दुसरीवर. दोन थरांची ८.५ ची डिस्क हा पर्याय कागदावर सुंदर दिसतो (तिच्यासाठी ६ लाखांऐवजी ११ लाख धरावेत), पण घरी लिहिलेल्या दोन थरांच्या डिस्क जुन्या प्लेअरांना झेपत नाहीत आणि थर बदलताना चित्र क्षणभर थबकते.

जागा कमी पडते तेव्हा खरा लॉसलेस उपाय कात्रीचा असतो, आणि त्याची आठवण कुणाला होत नाही. चालू राहून गेलेल्या कॅमेऱ्याचे जमिनीचे शूटिंग, वीस मिनिटांचा रिकामा हॉल, तीनदा आलेले तेच गाणे. लॉसलेसकट किंवा एव्हीडीमक्स या सॉफ्टवेअरमध्ये हे भाग पुन्हा एन्कोड न करता उडवता येतात. कट पूर्ण फ्रेमवरच बसतो, त्यामुळे एखादा सेकंद इकडेतिकडे होतो, पण उरलेल्या चित्राला धक्का लागत नाही. पाच तासांतला एक तास असाच निघाला तर बिटरेट आपोआप चतुर्थांशाने वाढतो.

याउलट सर्वांत घातक प्रकार म्हणजे कन्व्हर्ट केलेलेच पुन्हा कन्व्हर्ट करणे. कॅसेटवरून डीव्हीडी, तीवरून एमपी४, त्यावरून पुन्हा डीव्हीडी. दर खेपेला एन्कोडर मागच्या एन्कोडरचे चौकोनही तपशील समजून जपतो. घरची दोन थरांची डीव्हीडी एका थरात आणायची असेल, तर २००४ पासून नवी आवृत्ती न आलेले डीव्हीडी श्रिंक हे सॉफ्टवेअर अजूनही उपयोगी आहे, पण ७५ टक्क्यांपर्यंतच. त्याखाली गेले की हलत्या दृश्यांत चित्र खदखदते. मग मूळ फाईल शोधून नव्याने एन्कोड करावे. आणि व्हीएचएसचे ‘एआयने ४के’ करून देणाऱ्यांविषयी एवढेच, की त्यात वाढतो तो फाईलचा आकार. कॅसेटवर नसलेले डोळे-नाक सॉफ्टवेअर अंदाजाने काढते, आणि मग आत्या आत्यासारखी दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र कॉम्प्रेशन पूर्णपणे वर्ज्य आहे. सीसीटीव्हीचे चित्रण पुरावा म्हणून पोलिसांत किंवा न्यायालयात द्यायचे असेल, तर ते डीव्हीडीत बसवण्यासाठी दाबू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, लिहावे लागते. एक बिट बदलला तरी ते मूल्य बदलते. पुन्हा एन्कोड केलेली फाईल तर सर्वस्वी वेगळीच फाईल. मोठी डिस्क, जास्त डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घ्यावा.

डिस्क लिहिताना १६एक्सची डिस्क ८एक्सला लिहावी, काम आठ-दहा मिनिटांचे आहे. इम्गबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नये. त्याने वेळ दुप्पट होतो, पण खराब डिस्क गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधी आपल्याच टेबलावर पकडली जाते. वर कागदी स्टिकर चिकटवू नये. फिरताना तोल जातो आणि कोकणातल्या दमट हवेत कडा सुटून प्लेअरमध्ये अडकते. सीडी मार्करने लिहावे, बॉलपेनने नाही. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती साफ होईपर्यंत व्हीसीआरमध्ये घालू नये, हेडबरोबर पुढच्या कॅसेटही जातात.

दुकानदार मंडळींना एक सूचना. डीव्हीडीच्या कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो आणि गणपती असतोच. त्याखाली एका ओळीत एकूण मिनिटे, चित्राचा आकार, सरासरी बिटरेट आणि टू-पास केले की नाही, एवढे छापावे. सोबत मूळ फाईल गिऱ्हाइकाच्या हार्ड डिस्कवर द्यावी, किंवा ती किती दिवस ठेवणार हे पावतीवर लिहावे.

कळावे.

आपला,
एक व्हिडिओ संपादक, सांगली